तुळई दोनदा दिसतेय

मंडळी, दुपारी कबनूरला एका मागाच्या कारखान्याचा पॅनोरमा काढला. आत अंधार, खिडक्यांत लख्ख ऊन, म्हणून फोटोंच्या दोन फेऱ्या केल्या. आतल्या उजेडाची फेरी माग बंद ठेवून झाली. खिडक्यांच्या फेरीला मालकांनी माग सुरू केले. ट्रायपॉड मी जागचा हलवला नव्हता.

आत्ता कोल्हापुरात घरी बसून दोन्ही फेऱ्यांचे फोटो एकमेकांत मिसळले. सगळं जुळलं, फक्त छताची मधली तुळई दोनदा दिसत होती. म्हटलं, ट्रायपॉडच हलला असंल. पण मग भिंतीवरचं घड्याळ कसं जुळलं?

माग सुरू झाल्यावर तुळई बोटभर खाली आलीय.

मालकांना फोन केला. फोनमध्ये मागांचा खडखडाट अजून ऐकू येत होता. ते हसले. "पावणं, फोटोत सरळ करून द्या की! एवढं येत न्हाय व्हय?"

येतंय की. दोन मिनिटांत केली सरळ. फोटो झकास दिसतोय.

पण त्या तुळईखाली दोन बायका कांड्यांवर सूत भरत बसल्यात. मालक आता फोन उचलत न्हाईत. मी गाडी काढतोय, पण तासभर लागंल.

कबनूरचं कोण हाय का इथं? ओढ्याकडंचा निळ्या पत्र्याचा कारखाना. माझ्या आधी कोण पोचतंय?