आमची दीडशे कलमं

बारावीचा निकाल लागल्यावर ज्यांनी ज्यांनी माझ्याकडे पेढे मागितले, त्यांतल्या एकानेही पुढे फॉर्म भरायला मदत केली नाही. आमच्या मालवणाकडे हुशार मुलीचं कौतुक तोंड भरून होतं आणि तोंडातच संपतं. माझं नाव गुणवत्ता यादीत बसत होतं. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला जाणाऱ्यांसाठीची शिष्यवृत्ती मला मिळू शकत होती. ती मिळाली तर कोल्हापूरला हॉस्टेलवर राहून रसायनशास्त्र. नाही मिळाली तर घरून एसटीने पोचता येईल ते कॉलेज आणि तिथे जो असेल तो विषय. मधला रस्ता नव्हता.

अटी मुख्य दोनच होत्या, गुण आणि उत्पन्न. गुण माझे होते, त्यात कुणाला काही गोंधळ घालता आला नाही. उत्पन्नाचा दाखला मात्र बाबांच्या हातात होता.

दाखल्यासाठी तलाठ्यांचा चौकशी अहवाल लागतो. तलाठी घाटावरचे, नुकतेच बदलून आलेले. त्यांनी विचारलं, "आंब्याची कलमं किती तुमची?" घरात अस्सल मालवणी बोलणारे माझे बाबा ऑफिसात शिरले की इस्त्रीची मराठी काढतात. ताठ उभे राहून म्हणाले, "आमची दीडशे कलमं आहेत साहेब. देवाच्या कृपेने काही कमी नाही." तलाठ्यांनी लिहून घेतलं. मी शेजारीच उभी होते. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण मीही तेच सांगितलं असतं.

आमच्याकडे 'आमची' म्हणजे सगळ्या भावकीची. आजोबांनी आणि त्यांच्या भावाने मिळून ती आंब्याची कलमं लावली. सातबारा सामाईक, वाटणी कधी झालीच नाही. घराजवळच्या बावीस कलमांचे आंबे आम्ही उतरवायचो. वरच्या सड्यावरचे, म्हणजे कातळाच्या पठारावरचे, चुलतकाका न्यायचा, कारण गाडी त्याच्याकडे आणि माणसंही त्याच्याकडे. हक्काने अर्धी बाग बाबांची होती. "पुढच्या वर्षी वाटणी करूया" हे वाक्य मी जन्मल्यापासून दर शिमग्याला ऐकत आले.

दाखला आला. दीडशे कलमांच्या हिशेबाने आमचं उत्पन्न मर्यादेच्या वर गेलं होतं, हे मला कॉलेजच्या खिडकीवर कळलं. खिडकीतल्या बाईंनी कागद दोन बोटांनी परत सरकवला.

"बागायतदाराची मुलगी ना तू? मग गरिबाची जागा कशाला अडवतेस?"

मागे रांग होती. सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने त्या बोलल्या. मी म्हटलं, बाग सामाईक आहे. त्या म्हणाल्या, "ते मला नको सांगूस, कागदावर आण. शुक्रवारी पोर्टल बंद." एवढं बोलून त्यांनी डबा उघडला. त्या बाईंचा मला आजही राग येतो, आणि तो कमी व्हावा असं मला वाटतही नाही.

घरी येऊन मी बाबांवर तुटून पडले. "काय गरज होती मोठेपणा सांगूची? बावीस म्हणूक काय झालां होता?"

"मगे काय सांगूचा होता?" बाबा खरंच गोंधळले होते. "आमचीच आसत मां ती?"

"आमची, आमची! त्या 'आमची'न माझा वाटोळा केल्यान!"

आई मध्ये पडली, तर तिलाही ऐकवलं. त्या आठवड्यात मी घरात कुणाशी सरळ बोलले नाही. माझ्या वर्गातली एक मुलगी, जिच्या वडिलांची दोन दुकानं आहेत, तिचा दाखला मर्यादेच्या आत बसला होता. खोटं बोलणाऱ्यांचे कागद सुरळीत होते आणि माझ्या बापाने अभिमानाने खरं तेच सांगितलं, तर मी बागायतदाराची मुलगी झाले.

तलाठ्यांनी तोड सांगितली. प्रतिज्ञापत्र करा, दुसऱ्या हिस्सेदाराची त्यावर सही आणा, मी सुधारित अहवाल पाठवतो. दुसरा हिस्सेदार म्हणजे चुलतकाका. तो देवबागला होमस्टे चालवतो. पाहुण्यांना सोलकढी पाजतो आणि भावकीला गोड बोलून टांगून ठेवतो. एरवी सातबाऱ्याचं नाव काढलं की त्याची कंबर धरायची. या वेळी मात्र फोन केल्यावर तासाभरात तहसील कचेरीबाहेर हजर.

"आमच्या चेडवाच्या शिक्षणाचो प्रश्न आसा, मी सही करूचंय नाय तर कोण करतलो?"

अर्ज लिहिणाऱ्याच्या टेबलापाशी तो स्वतःच मजकूर सांगायला बसला. बाबांनी एकच गोष्ट सांगितली होती, "सध्या बावीस कलमांचा उत्पन्न मी घेतंय, इतक्याच लिवा." काका हसून म्हणाला, "तां तू बघू नको, कायद्याच्या भाषेत लिवक व्हया." आणि बाबांना झेरॉक्स आणायला पाठवून दिलं.

बाबा परत आले तेव्हा कागद तयार होता. त्यांनी तो न वाचता माझ्या हातात दिला. त्यांना वाचता येत नव्हतं असं नाही. घरात माझ्याइतकं शिकलेलं कुणी नाही, म्हणून दिला.

मी वाचलं. 'माझ्या वाट्यास बावीस कलमे आलेली असून उर्वरित कलमांशी माझा काही संबंध नाही.'

वाट्यास आलेली. न झालेली वाटणी त्या एका ओळीत झाली होती. काका रस्त्याकडे बघत सुपारी कातरत होता. मी दुरुस्ती सांगितली असती तर त्याने सही केली नसती, हे मला स्वच्छ दिसत होतं. गुरुवार होता. अहवाल, नवा दाखला, कॉलेजची खिडकी, सगळं उद्या संध्याकाळच्या आत व्हायचं होतं.

"वाचलंस मां?" बाबांनी विचारलं.

"वाचलंय."

"बरोबर आसा?"

"आसा."

त्यांनी सही केली.

शिष्यवृत्ती मिळाली, मी कोल्हापूरला गेले. पुढच्या मोसमात काकाने सड्याला चिऱ्यांचा गडगा घालून वरची कलमं कुंपणाआड घेतली आणि विचारायला गेलेल्या बाबांपुढे त्या कागदाची झेरॉक्स धरली. मी सुट्टीत घरी आले होते तेव्हा घरापुढच्या खळ्यात भावकी जमली होती आणि मी सगळ्यांना चहा देत होते. एक म्हातारे गृहस्थ बाबांवर डाफरले, इतका शिकलेला चेडू घरात असताना असल्या कागदावर सही केलंस कशी?

बाबा लगेच म्हणाले, "तेका बोलू नकात. पोर आसा ता. तेका त्या कायद्यातला काय समाजतला?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी ट्रे घेऊन आत गेले.

मला समजलं होतं. बाबांना ते मी अजून सांगितलेलं नाही.