बांधावरची गोळी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. अर्चनाला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगायची गरज नव्हती — ती तिथे होती. ज्याच्या शेतावर ते घडलं तो डेलही होता. खरं माहीत असलेली माणसं आहेत. माझ्या तोंडून ते कधी बाहेर पडलेलं नाही, एवढंच.

मुख्य गोष्ट पहिल्या वाक्यात यावी, हे मी पुण्यात एका दैनिकाच्या डेस्कवर शिकलो आणि पुढे इतरांना शिकवलंही. इथे मला ते जमत नाहीये. तेव्हा जी गोष्ट निर्विवाद आहे तिच्यापासून सुरुवात करतो — आम्ही जिंकलो. ऑरेगनमधल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची पाणथळ २००५ च्या हिवाळ्यात कोरडी पडणार होती. ती पडली नाही. एका नेमक्या गोळीने ती वाचली. यातला एकही शब्द फुगवलेला नाही.

आम्ही २००३ मध्ये अमेरिकेत, ऑरेगनमधल्या बीव्हरटनला आलो. नोकरी अर्चनाची, चिप डिझाइनमधली. व्हिसा तिचा. मी डिपेंडंट — त्या व्हिसावर मला कमावायची परवानगी नव्हती. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात कुणी नवीन भेटलं की विचारायचं, “तुम्ही कुठे?” मी म्हणायचो, “मी लिहितो.” “अरे वा! जावा की सी प्लस प्लस?” सगळे हसायचे. मीही हसायचो. मग घरी येऊन भांडी घासायचो, जरा जोरातच.

ग्रंथालयातल्या फळ्यावर एक चिठ्ठी दिसली: विलोची, म्हणजे पाणकाठच्या वाळुंजाची, रोपं लावायला माणसं हवीत. तिथे डेल भेटला. सत्तरी ओलांडलेला, आयुष्यभर गवताचं बी पिकवलेला. नदीकाठचा त्याचा खालचा तुकडा मूळचा पाणथळ. त्याच्या आजोबांनी चर खणून तो सुकवला होता आणि नातवाने चर बुजवून, मातीचा एक बुटका बांध घालून तो परत पाण्याला देऊन टाकला होता. पाणी आलं, बदकं आली. वापाटो नावाची तिथलीच एक कंदवर्गीय पाणवनस्पती उगवून आली. आणि तांबड्या पायांचे बेडूक आले. ते त्या मुलखाचे मूळचे रहिवासी; कुठे फारसे उरलेले नाहीत. हिवाळा सरता सरता पाण्यातल्या काड्यांना चिकटवून ते अंडी घालतात. पाणी टिकलं तर पिल्लं, नाही तर चिखलात वाळलेला एक चिकट थर.

मग न्यूट्रिया आले. आपल्याकडची घूस मांजराएवढी करा, तिला नारिंगी दात लावा आणि पाण्यात सोडा. फरसाठी कुणीतरी दक्षिण अमेरिकेतून आणलेला हा प्राणी. फरचा धंदा बुडाला आणि हे सुटले ते सुटलेच. आम्ही लावलेले विलो त्यांनी बुंध्यापासून कुरतडले, वापाटोचे कंद उपसले. इतपत चाललंही असतं. पण ते बांधात बिळं करत होते. डेलने पिंजरे लावले, बरेचसे पकडले. एक थोराड नर मात्र पिंजऱ्याकडे ढुंकून बघत नव्हता आणि त्याचं बीळ बांधाच्या नेमक्या कमकुवत जागी होतं. पलीकडच्या बाजूने पाणी झिरपायला लागलं होतं. पावसाच्या त्या दिवसांत दलदलीत यंत्र उतरवता येत नव्हतं आणि बेडकांचा मोसम तोंडावर आला होता.

डेलच्या डोळ्यात मोतीबिंदू. तो म्हणाला, “माझी पॉइंट टू-टू रायफल आहे. चालवणार कोण?”

मी म्हणालो, मी.

का म्हणालो? त्या पाणथळीसाठी — असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. व्हिसावरच्या माणसाला बंदूक हाताळायची तर शिकारीचा परवाना लागतो. तो मी काढला. सुरक्षेचा वर्ग केला. अर्चनाही माझ्याबरोबर आली, तिनेही परवाना काढला. सोबत म्हणून, असं मला वाटलं. आणि मग मी शनिवारमागून शनिवार त्या बांधासमोर बसलो आणि चुकलो. पाण्यावर गोळी मारायची नसते, ती उसळून कुठेही जाते. जनावर बांधावर चढेल तेवढ्या चार-पाच क्षणांतच मारायचं, म्हणजे मागे माती असते. त्या क्षणांत मी घाईने ट्रिगर ओढायचो. एकदा गोळी इतकी वर गेली की डेल म्हणाला, “ढगाला लागली बहुतेक. आता पाऊस येईल.”

आता अर्चनाबद्दल सांगायला हवं. ती अमरावतीची. तिचे वडील, इंगळे सर, शाळेत व्यायामशिक्षक आणि एन.सी.सी.चे अधिकारी. पोरीच्या हातात त्यांनी पॉइंट टू-टू दिली तेव्हा ती नववीत होती. पुढे ती दिल्लीच्या शिबिरात नेमबाजीचं पदक घेऊन आली. लग्नाच्या बैठकीत हे मला सांगितलं गेलं होतं, जसं मुलगी पेटी वाजवते असं सांगतात तसं — आणि मी ते तितक्याच गांभीर्याने घेतलं होतं. अमेरिकेत आल्यावर सर दर फोनवर विचारायचे, “काय वं, तिकडे रेंज आहे का एखादी? हात चालू ठेव ना बापा.” ती म्हणायची, “वेळ कुठंय बाबा.”

त्या शनिवारी ती सकाळी चहाचा थर्मास घेऊन शेतावर आली. धुकं उठत होतं. मी नुकताच आणखी एकदा चुकलो होतो. जनावर पाण्यात शिरून पुन्हा वर डोकावत होतं — मला हसत असल्यासारखं. अर्चना म्हणाली, “मी बघू का?”

मी बंदूक दिली. माझ्या चेहऱ्यावर काय होतं ते मला ठाऊक नाही.

तिने पहिल्यांदा बंदूक रिकामी करून तपासली, पुन्हा भरली. मग पट्टा डाव्या दंडाभोवती गुंडाळला, ओल्या गवतात पोटावर पडली, पाय फाकवले, टाचा जमिनीला टेकवल्या. ऑफिसचा चांगला कोट घातलेला होता. त्याची तिला आठवणही नव्हती. ती थांबली. इतकी थांबली की डेलने दोनदा माझ्याकडे पाहिलं. जनावर पोहत आलं, बांधाशी घुटमळलं, वर चढलं, अंग झटकलं. मग एक कोरडा, बारीक आवाज. ते जागच्या जागी आडवं झालं, तडफडलंसुद्धा नाही.

डेलने टोपी काढून चिखलात फेकली आणि ओरडला. अर्चना उठली, कोपरापासून गुडघ्यापर्यंत चिखल. आणि ती हसत होती. लग्नाला सात वर्षं झाली होती. तिला तसं हसताना मी पाहिलेलं नव्हतं. डेल माझ्याकडे वळून म्हणाला, “हिला इतके दिवस घरी कशाला ठेवलं होतंस?”

विनोद होता तो. मला तो विनोद म्हणून घेता आला असता.

ती हात धुवायला पंपाकडे गेली तेव्हा डेलने माझ्याच कॅमेऱ्याने माझा फोटो काढला — एका हातात बंदूक, दुसऱ्यात शेपटीला धरलेला न्यूट्रिया. त्याच्या मनात काही नव्हतं. माझ्या होतं का? मला वाटतं, तोवर नव्हतं.

त्याच दुपारी आम्ही तिघांनी बीळ मातीने आणि दगडांनी ठासून बुजवलं. झिरपणं थांबलं. काही आठवड्यांनी एक जीवशास्त्रज्ञ बाई कंबरभर पाण्यात उतरल्या आणि एकेका काडीपाशी थांबत ओरडायला लागल्या, “इथे! इथेही!” मुठीएवढे, साबुदाण्याच्या चिकासारखे अंड्यांचे पुंजके, काळ्या ठिपक्यांनी भरलेले. मोजता मोजता त्या स्वतःच आकड्यात चुकल्या आणि हसत सुटल्या. उन्हाळ्यात वापाटोची बाणासारखी पानं बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उभी होती. नदीकडून पुढेही न्यूट्रिया येत राहिले, येतच राहणार. पण डेल आता फोन करून फक्त अर्चनाला मागायचा. फाटकाची एक किल्ली त्याने तिला देऊन टाकली होती.

इथवर सगळं छापण्यालायक आहे. आता उरलेलं.

मंडळाच्या वार्षिकासाठी लेख मागितला होता. फोटो होताच. मी लेख लिहिला आणि त्यात लिहिलं की गोळी मी मारली. “गोळी सुटली” असं मोघम लिहून निसटता आलं असतं. डेस्कवर ते कसब मला चांगलंच येत होतं. मी तसं केलं नाही. “मी नेम धरला,” असं लिहिलं.

आणि एवढ्यावर थांबलो नाही. लेखाचा तो भाग मला पोकळ वाटत होता — न मारलेल्या गोळीचं वर्णन कसं करणार? म्हणून एका संध्याकाळी, ती कणीक मळत असताना, मी तिला विचारलं, नेमकं काय करतेस गं तू? तिला वाटलं, मला शिकायचंय. कणकेचे हात तसेच हवेत धरून तिने सगळं सांगितलं. श्वास घ्यायचा, अर्धा सोडायचा, तिथेच थांबायचं. ट्रिगर ओढायचा नाही. लिंबू पिळतो तसा दाबत जायचा. गोळी सुटेल तेव्हा आपल्यालाच नवल वाटलं पाहिजे. “बाबांचं लिंबू,” ती म्हणाली. किती आनंदाने सांगत होती ती! मी आत जाऊन ते सगळं माझ्या नावावर लिहून काढलं.

लेख गाजला. गुढीपाडव्याच्या जेवणात एक काकू तिला म्हणाल्या, “तुझे मिस्टर छुपे रुस्तम निघाले गं!” अर्चनाने हातातल्या ताटावरून माझ्याकडे पाहिलं. लेख तिने तोवर वाचलेला नव्हता. कळायला तिला क्षणही लागला नसावा. “हो ना काकू,” ती म्हणाली, “लांबचं मारतात अगदी.”

गाडीत बसून तिने आधी पट्टा लावला. मग म्हणाली, “आईंमुळे का?” माझ्या आईच्या स्वयंपाकघरात अंडंही येत नसे, सुनेने जनावर मारलं हे तिला कसं वाटेल — असं कारण अर्चनाने स्वतःच माझ्या पुढ्यात ठेवलं. मी “हो” म्हणालो. पुढे केव्हातरी आईला कुणीतरी ती शिकार सांगितली. ती म्हणाली, “पाणी राखायचं तर बांध राखावा लागतो,” आणि भाजी निवडत राहिली. तेव्हा ते कारणही नव्हतं. कारण हे होतं, की माझं म्हणून तिथे जे एकच काम होतं, ते तिने थर्मास खाली ठेवून एका गोळीत करून दाखवलं होतं.

पण मला सांगायचं आहे ते हेही नाही.

कुणाच्या तरी हस्ते ते वार्षिक अमरावतीला पोचलं. रविवारी इंगळे सरांचा फोन आला. स्पीकर चालू होता; अर्चना ओट्याशी उभी होती. “जावईबुवा! शाब्बास! अर्धा श्वास सोडून थांबलात, वा वा! पण मला एक सांगा — हे लिंबू कुठून आलं जी?”

मी म्हणालो, “अर्चनानेच सांगितलं, बाबा.”

वाक्य खरं होतं. खरं वाक्य इतक्या वाईट कामाला मी कधी वापरलेलं नाही. सर मोठ्याने हसले. “पोरीनं तर सोडून देल्लं बापा. चला, विद्या वाया नाही गेली. तिच्या हातून नाही, तुमच्या हातून!” अर्चनाने नळ सुरू केला. मी म्हणालो, “थँक यू, बाबा.”

ती स्वतः त्यांना काही बोलली नाही. का, ते मी तिला विचारलेलं नाही. दर शनिवारी ती बांधावर जात होती आणि दर रविवारी ते तिला फोनवर विचारत होते, एखादी रेंज सापडली का.

२००७ च्या उन्हाळ्यात सर गेले. आम्ही अमरावतीला पोचलो. तेराव्याला त्यांच्या शेवटच्या तुकडीतल्या मुली आल्या होत्या, सगळ्या पांढऱ्या कपड्यांत, रांगेने. त्यांतली एक माझ्यासमोर उभी राहिली. म्हणाली, सरांनी तुमचा लेख आम्हाला मैदानावर वाचून दाखवला होता, लिंबाचा भाग दोनदा. तिने वाकून नमस्कार केला. मी तो घेतला.

मग ती अर्चनाला म्हणाली, “ताई, तुम्ही पण मारता का तिकडं?”

“मारते ना,” अर्चना म्हणाली. ताठ उभी होती, रडून डोळे सुजलेले, आणि आवाज एकदम स्वच्छ. “दर हिवाळ्यात. अजून एकदाही चुकले नाही.”

मुलीचा चेहरा उजळला. मागच्या दोघी-तिघी पुढे सरकल्या. “हो? मग सरांना माहीत होतं?”

अर्चनाने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. ती नुसती थांबली होती, गवतात पडून थांबली होती तशी. अंगणात वीस-पंचवीस माणसं होती. सरांचे भाऊ होते, विद्यार्थी होते, सरांचा फोटो होता. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं.

मी म्हणालो, “गाडी आली आहे, निघू या.”

गाडी आलेली नव्हती.