दादाच्या सिगारची खोली

माझा भाऊ सिगार वाचवताना मेला.

हसू आलं तर हसा. मयतीतसुद्धा काही लोक तोंड फिरवून हसलेच होते.

आज आनंददादाला जाऊन वर्ष झालं.

दादा क्रूझवर बारमध्ये होता. पाहुण्यांना सिगार कापून, पेटवून देता देता त्यालाच नाद लागला. ओढायचा कमी, वासच जास्त घ्यायचा.
मग कंबर गेली आणि बोट सुटली.

तो चंद्रपूरला, ऊर्जानगरजवळच्या आमच्या घरी, आईकडे परत आला. बाबा वीज प्लांटमध्ये होते तेव्हा बांधलेलं घर. बाबा तर केव्हाच गेले. मी नोकरीला गडचिरोलीत.

दादा नुसता बसून असायचा. जेवायला हाक मारली की जेवायचा. टीव्ही लावला की बघायचा.
आई फोनवर म्हणायची, "सुजाता, हा असा कसा झाला गं? बोलतच नाई."

मग त्याला जंगलाकडच्या एका रिसॉर्टचा मालक भेटला. तो म्हणाला, वाघ बघून आलेल्या पाहुण्यांना संध्याकाळी चांगली सिगार लागते. तुम्ही एक ब्रँड पारखा, मुरवून द्या. माल मी घेतो, आणि माझा बारही तुम्हीच सांभाळा.

दादा पुन्हा रोज दाढी करायला लागला.

मागच्या लहान खोलीत त्याने एसी बसवला. भिंतीला थर्माकोल. लाकडी पेट्या, आत ओलावा मोजायचं मशीन.
आई दारात उभी राहून म्हणाली, "आम्ही नागभीडकडे तेंदूपत्ता तोडत होतो. विडीले कोणी एसीत ठेवलं नाई."
दादा कितीतरी महिन्यांनी हसला.

कुठलाही ब्रँड तो आधी थोडाच मागवायचा. एक सिगार आल्या आल्या ओढायची, एक काही महिने ठेवून. दोन्हींत काय फरक पडला ते बघायचं, आणि मगच पूर्ण खोका घ्यायचा.
एका महागड्या ब्रँडला त्याने असंच नापास केलं. "सुजू, याचा नुसता सोनेरी पट्टा भारी आहे. आत काईच नाई."

शेवटी निकाराग्वा देशाची एक त्याला पटली. तिचे खोके आणून त्याने मुरायला ठेवले.
मी विचारलं, "एवढं थांबायचं काऊन? आत्ताच विकून टाक ना."
"नवी तिखट लागते. चांगल्या पानाची असन तर मुरून गोड होते. वाईट पानाची नुसती जुनी होते. हे चांगलं पान आहे. मले खात्री आहे."

मले खात्री आहे.
बोट सुटल्यापासून हे शब्द त्याच्या तोंडून मी ऐकले नव्हते.

मागच्या मे महिन्यात गल्लीतला ट्रान्सफॉर्मर जळला.
पूर्ण दिवस लाइट नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. इन्व्हर्टरवर पंखा चालतो, एसी चालत नाही. चंद्रपूरचा मे काय असतो ते तुम्हाला माहीत आहे.

त्याच आठवड्यात मालक सिगार चाखायला येणार होता.

दुपारी दादाचा फोन आला.
"खोली तापून राह्यली, सुजू. तंबाखूच्या पानात किड्याची अंडी असतात. गरम झालं का फुटतात. एकदा पोखरलं का सगळं गेलं."
"मग काय करतो?"
"सकाळी बर्फ आणला होता, वितळला. आता पुन्हा जातो."
"या उन्हात? संध्याकाळी जा ना दादा."
"संध्याकाळपर्यंत काई उरणार नाई. मले दुसरं काई येत नाई गं."

फोन ठेवला.

तो बाइकवर गेला. बर्फाची लादी पोत्यात गुंडाळून आणली. ती खोलीत ठेवली आणि तिथेच भिंतीला टेकून बसला.
आई पाणी घेऊन गेली तर समोर कोणी नसताना तो बोटीवरच्या कोणाशी तरी इंग्रजीत बोलत होता. अंग तव्यासारखं तापलेलं. घामाचा थेंब नाही.

आईने ती लादी फोडली. सिगारसाठी आणलेला बर्फ त्याच्या काखेत, छातीवर, मानेला लावत बसली. शेजारच्यांनी ऑटो आणला. ऑटोतही तिने बर्फाचं पोतं सोडलं नाही.

आईचा फोन आल्याबरोबर मी निघाले, एसटीत होते. खिडकीतून आगीसारखी हवा येत होती. सारखी आईला फोन लावत होते.
"बोलते का तो?"
"बोलते, पण मले वळखत नाई."
मी कंडक्टरला म्हणाले, गाडी जोरात घ्यायला सांगा. त्याने मला स्वतःची पाण्याची बाटली दिली.

पोचले तेव्हा दादाला नळ्या लावल्या होत्या. मी त्याचा हात धरला.
तो म्हणाला, "दार लाव. खोलीतली थंडी जाते."
मी वॉर्डचं दार लावून आले.
त्यानंतर तो बोललाच नाही. सकाळी डॉक्टरांनी उष्माघात सांगितला आणि मान खाली घातली.

घरी आणलं तेव्हा लाइट आलेली होती. एसी चालू होता.

दादासाठी ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमानंतर रिसॉर्टचा मालक आला. आई त्याला म्हणाली, "सगळं घेऊन जा, भाऊ. पण एक ओढून पाहा, अन् खरं सांगा."

किडा लागला नव्हता. मालक अंगणात बसून ओढत राहिला. आई समोर उभी.
मी मनात म्हणत होते, वाईट म्हण. भिकार म्हण. मला कशावर तरी चिडू दे.

"चांगली आहे, आई," तो म्हणाला. "आणखी ठेवली असती तर अजून छान झाली असती. दादांनी बरोबर पारखलं होतं."

आई "बरं" म्हणाली आणि आत गेली. आतून भांडी घासायचा आवाज यायला लागला. घासलेलीच भांडी ती पुन्हा घासत होती.

वर्ष झालं, मला चिडायला अजून काही सापडलं नाही. दुपारी ऑफिसमधून आईला फोन करते, बाहेर पडू नको म्हणून. ती म्हणते, "मी कुठी जाऊन राह्यली, माय?"

तुमच्या घरी कोणी दुपारी "आत्ता येतो" म्हणून निघालं, तर त्याच्या गाडीची चावी काढून घ्या. भांडा, पण जाऊ देऊ नका.

दादा, तुझ्याशिवाय आम्हाला जमत नाही आहे.

जय भीम, दादा.