फळा धरून उभे राहणारे सोमणसर

मुकुंदराव सोमण यांची आणि माझी पहिली भेट नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या गणेशोत्सवात, प्रसादाच्या रांगेत झाली. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत होणाऱ्या लांब पल्ल्याच्या मोटारसायकल शर्यतींविषयी ते इतके रंगून बोलत होते की मी विचारलं, "सर, आपली गाडी कोणती?" शेजारून त्यांच्या पत्नी सुमतीवहिनी म्हणाल्या, "सायकल! तीही माझी जुनी." सर आयुष्यात कधी मोटारसायकलवर बसलेले नाहीत, हे आम्हाला आजही खरं वाटत नाही.

पुढे जवळच्याच फेल्डहोवनच्या एका कंपनीत मी त्यांच्या हाताखाली काम शिकलो. सरांचा जीव विजेत्यांपेक्षा शर्यतीत उतरणाऱ्या मोटारसायकल कारखान्यांच्या संघांवर अधिक. धुळीच्या रस्त्यावर तासन्‌तास गाडी हाकणाऱ्या स्वाराला इंजिनाच्या आवाजात काही ऐकू येत नसे. मग संघातला एकजण खडूने निरोप लिहून कडेला फळा उंच धरी. "बोर्ड दिसला की रायडरला कळतं, आपली टीम जागेवर आहे," सर सांगत. आमच्यापैकी कुणाचं काम अडलं की तेही घरी जायचे थांबत आणि शेजारी कॉफी आणून ठेवत.

महामारीच्या दुसऱ्या वर्षी मला कोरोना झाला आणि त्याच आठवड्यात भावाने बाबांना नाशिकला इस्पितळात हलवलं. मी घरात एकटा कोंडलेला, विमानात बसणं अशक्य. फोन वाजला की वाईट बातमीच असेल असं वाटे. शेवटी मी तो उचलणंच सोडलं.

त्या संध्याकाळी खिडकीखाली सायकलची घंटा वाजली. बघतो तर मास्क लावलेले सर, दोन्ही हातांनी फळा उंच धरून उभे! त्यावर खडूने लिहिलेलं, "जेवलास का?" मी खोटीच मान हलवली. त्यांनी बाहीने अक्षरं पुसली आणि लिहिलं, "डबा दाराशी. भावाचा फोन घे." मी घेतला; मी उचलत नाही म्हणून भावाने सरांनाच गाठलं होतं. नंतर सर रोज येत राहिले, आणि मी रोज फोन उचलत राहिलो.

बाबा गेल्याचंही म्हणूनच मला वेळेवर कळलं. त्या दिवशीही घंटा वाजली. पाऊस लागला होता. फळा कोरा होता. सरांनी तो तसाच वर धरला होता. भिजून चिंब झाले तरी खाली घेतला नाही. मी खिडकीत उभा राहून पोटभर रडलो. बाबांना अग्नी द्यायला मी नव्हतो, पण त्या वेळी एकटाही नव्हतो.

पुढे एकदा त्या कोऱ्या फळ्याबद्दल विचारलं, तर म्हणाले, "लिहिण्यासारखं काही नव्हतं रे. पण यायचं तर होतंच."

सर आता साठी पूर्ण करत आहेत आणि त्यानिमित्त आम्ही त्यांचा सत्कार करतो आहोत. गुडघे कुरकुरतात, वहिनींनी लोणचं बंद केलं आहे आणि ते चोरून खातात, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, हीच आम्हा सर्वांची मनापासून प्रार्थना.

आणि सर, सत्काराच्या दिवशी व्यासपीठावरून जरा मागच्या रांगेकडे बघा. फळा आता आमच्या हातात असेल. त्यावर लिहिलेलं असेल, "गाडी सावकाश येऊ द्या. आम्ही उभे आहोत."