भाग्याचा म्हटलेला डोळा

डॉक्टरांनी आठ वर्षांच्या सानूचा उजवा डोळा झाकला आणि समोरच्या चित्राकडे बोट केलं. ती गप्प. मला वाटलं, लाजतेय. त्या बाबतीत ती माझ्यावर गेलीय. मग तिनं विचारलं, "आत्या, लाइट गेली काय गं?"

"अँब्लियोपिया," डॉक्टर म्हणाले. म्हणजे आळशी डोळा. डोळा तिरळा असला की मेंदू त्याचं चित्र सोडून देतो, आणि तो डोळा बघायचंच शिकत नाही. "तिरळेपणा कधीपासून आहे?"

सानूच्या आईनं, माझ्या वहिनीनं, मान खाली घातली. सानू रांगत होती तेव्हापासून. खानापूरकडच्या आमच्या गावात मुलीचा डोळा जरासा तिरळा असणं शुभ मानतात. बायका कौतुकानं म्हणायच्या, "भाग्याचा डोळा हाय, दवाखाना करून घालवू नका." अण्णाला, माझ्या भावाला, बेळगावात नोकरी लागली, तीही तिच्याच पायगुणानं.

खरं तर पहिल्यांदा दवाखान्यात आम्ही डोळ्यासाठी गेलोच नव्हतो. तिच्या डाव्या गालाला आणि पापणीला झटके येत होते. हेमिफेशियल स्पाझम, म्हणजे चेहऱ्याच्या एका बाजूचे स्नायू आपोआप आवळणं. मेंदूचा एमआरआय झाला. रिपोर्ट येईपर्यंत बेळगावातल्या खासबागच्या घरात कुणी नीट जेवलं नाही. मेंदूत काही वाईट नव्हतं. अण्णा दवाखान्याच्या पायरीवर बसून रडला. झटके औषधानं कमी झाले. पण झटक्यांवर औषध देणाऱ्या डॉक्टरांनीच डोळाही तपासून घ्यायला सांगितलं होतं.

उपाय म्हणजे चष्मा, आणि चांगल्या डोळ्यावर रोज पट्टी. पट्टी लावली तशी सानू भिंत धरून चालायला लागली.

"काढ की गं आत्या, मला लई भ्या वाटतंय."

गावाहून आलेल्या थोरल्या काकू माझ्यावर चिडल्या. "बरा डोळा झाकून पोरीला आंधळं करतीस? विंग्रजी शाळेत ह्येच शिकलीस व्हय?"

वहिनी म्हणाली, "काकू, भाग्य ऱ्हाऊ दे. तिला दिसू दे."

ऑपरेशननं डोळा सरळ होईल. नजरेबद्दल मात्र डॉक्टर म्हणाले, "थोडी वाढेल. पूर्ण येईल असं सांगणार नाही. आणखी लहान असतानाच आणायला हवं होतं." त्यांनी खोटा धीर दिला नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. तुमच्या घरात असं मूल असेल तर कौतुक जरूर करा, पण आधी डॉक्टरांना दाखवा.

काल पट्टी लावल्यावर सानूनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवून विचारलं, "आत्या, रडायलीस काय?"

"नाही," मी म्हटलं.

ती माझ्या अगदी समोर होती. तिला ते खरं वाटलं.