तळ्यात ओतलेला मोरचूद

मी कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवतो. पुणतांब्याच्या अलीकडं आमची शेती आहे, ती दादा आणि वहिनी बघतात. तिथल्या शेततळ्यात वहिनीनं रोहू-कटला सोडले होते. दादाचं सगळं लक्ष डाळिंबात. मासे तिचे एकटीचे, आणि त्यांच्यावर तिचा फार जीव.

एका उन्हाळ्यात तळ्यावर शेवाळाची हिरवी साय धरली. "भावजी, मासं सकाळी वर येऊन आ वासत्यात. तुमी शिकल्यालं, कायतरी करा," वहिनी म्हणाली.

मी बाटलीभर पाणी नेऊन मायक्रोस्कोपखाली पाहिलं. शेवाळाच्या पेशींना जिवाणू चिकटले होते, काही पेशी फुटायलाही लागल्या होत्या. म्हणजे तळं आपलं आपण निस्तरत होतं. शेवाळ थोडं थोडं मरतं, जिवाणू ते थोडं थोडं खातात, पाणी निवळतं. शेवाळाला पोसणारं शेण तळ्यात टाकणं थांबवा, पाण्यात हवा मिसळावी म्हणून पहाटे मोटर लावून पाणी उडवा आणि वाट बघा, एवढंच मला सांगायचं होतं. दरवर्षी वर्गात हेच तर सांगतो.

पण शिकलेल्या माणसानं नुसतं "थांबा" म्हणायचं, हे मला कमीपणाचं वाटलं. डाळिंबाच्या फवारणीचा मोरचूद घरात होताच. तो विरघळवून मी तळ्यात ओतला. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

शेवाळ सगळं एकदम मेलं. उरलेल्या जिवाणूंना एकाच वेळी एवढं खायला मिळालं, की ते कुजवताना पाण्यातला प्राणवायूच संपला. तिसऱ्या दिवशी मासे पोट वर करून तरंगत होते. वहिनी कमरेएवढ्या पाण्यात उतरून पाटीनं ते काढत होती. मी मदतीला गेलो तर म्हणाली, "राहू द्या, पँट भिजंल." मला लाज वाटली. अजून वाटते.

पुढं काही आठवड्यांत पाणी निवळलं. गाळातले जिवाणू काम करत होते, मी फक्त बाटल्या भरत होतो. पावसाळ्यात वहिनीनं माशांची नवी बोटुकली, बोटाएवढी पिल्लं, सोडली, तेव्हा मी तिला सगळं समजावून सांगितलं. चूक माझी होती, हेही सांगितलं. ती "व्हय" म्हणाली आणि कामाला लागली.

यंदा तिचा फोन आला. तळं परत हिरवं झालं होतं. शेण बंद केलंय, पहाटे मोटर लावती, मासं अजून धड हायेत, असं तिनं सांगितलं. मी म्हणालो, उद्याच येतो.

"पाणी निवळल्यावर या, भावजी," ती म्हणाली. "तवर नका येऊ."