नावापुरता उमेदवार

विलास बोरुडे मूळचा पारनेरकडचा. चाकणच्या एका कंपनीत कंत्राटी कामगार, राहायला रहाटणीत भाड्याच्या दोन खोल्यांत. आजवर त्याला कुणी चहालाही मुद्दाम बोलावलं नव्हतं. पण यंदा जुन्या आमदारांनी विधानसभा लढवायची नाही असं ठरवलं, मोकळ्या जागेसाठी सगळ्यांची लाळ गळू लागली, आणि एका सकाळी त्याच जागेवर उभे असलेल्या दिग्विजयदादांचा माणूस विक्की पेढे घेऊन त्याच्या दारात हजर झाला.

"भाऊ, तुमच्यासारखा कामगार विधानसभेत पाहिजे. अपक्ष भरा, बाकी आम्ही बघतो. निकाल लागला की कंपनीत परमनंट!"

दादांचा माणूस दुसऱ्याला कशाला उभं करील, हा प्रश्न विलासला पडला नाही. त्याच्या बायकोला, वर्षालीला पडला.

"दादांच्या विरोधातला तो बिल्डरही विलास बोरुडेच ना? मतं फोडायला तुमचं नाव हवंय त्यांना. तुम्ही नकोय."

"माझं चांगलं झालेलं तुला बघवतच नाही," विलास म्हणाला, आणि अर्ज भरून आला.

चिन्ह मिळालं इस्त्री. विक्कीने बजावलं होतं, गप घरी बसा. पण याच्या अंगात आमदार शिरलेला. कामावर दांड्या मारून, कडक पांढरे कपडे घालून हा मतं मागत हिंडला. वाकडला वॉचमनने गेटवरच अडवलं. सांगवीत एका बाईने चिन्ह बघून साड्यांचं गाठोडंच पुढे केलं. "इस्त्री करून संध्याकाळपर्यंत द्या." तिलाही हात जोडून हा म्हणाला, "ताई, लक्ष असू द्या."

दादा निसटते जिंकले. बिल्डर जेवढ्या मतांनी पडला, त्याहून जास्त मतं इस्त्रीला होती. नाव वाचलं की फोटो न बघता बटण दाबणाऱ्या शहाण्यांनी आमदार ठरवला होता.

विलास हार घेऊन मिरवणुकीत गेला. गुलालाने माखलेल्या विक्कीने विचारलं, "कोण पाहिजे, काका?"

"अरे, मी विलास बोरुडे!"

"पडलेल्यांचं ऑफिस तिकडे," विक्की म्हणाला. पोरं खदाखदा हसली. कुणीतरी त्याच्या हातातला हार ओढून दादांच्या गळ्यात टाकला. दादांनी हारालाच नमस्कार केला.

दांड्यांमुळे कंत्राटदाराने त्याला काढून टाकलं. आता तो भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये आहे. "माझ्यामुळे भलेभले पडले," असं तिथे जेवणाच्या सुट्टीत सांगतो. पुढच्या वेळी महापालिकेला उभा राहणार म्हणतो. वर्षालीने त्याचं आधार कार्ड माहेरी नेऊन ठेवलंय.